सर्व्हरवरील दप्तराचा बॅकअप आणि स्नॅपशॉटची पद्धत

संगणकावर ठेवलेल्या दप्तराची दुसरी प्रत असली पाहिजे, हे आता कोणत्याही कार्यालयास वेगळे सांगावे लागत नाही. ती प्रत ऐन वेळी उपयोगी पडेलच, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. २०१७ सालच्या जानेवारीअखेर घडलेल्या एका घटनेने ही गोष्ट साऱ्या जगापुढे आणली.

गिटलॅब ही कंपनी संगणक प्रणाली तयार करणाऱ्यांना आपले काम एका ठिकाणी ठेवण्याची आणि त्यावर एकत्रितपणे काम करण्याची सोय पुरविते. ३१ जानेवारीच्या रात्री तिच्या मुख्य डेटाबेसवर अतोनात ताण आला आणि त्याची जोडप्रत सांभाळणारा दुसरा सर्व्हर मागे पडला. तो पूर्ववत करण्याच्या खटपटीत एका अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरवरील निरुपयोगी झालेली माहिती पुसून टाकण्याची आज्ञा दिली. परंतु ती आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली होती. चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबविण्यास एक-दोन सेकंदच लागले. तेवढ्या अवधीत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती नाहीशी झाली.

साहजिकच दैनंदिन बॅकअपकडे धाव घेण्यात आली. ज्या ठिकाणी तो साठविला जात असल्याची सर्वांची समजूत होती, ती जागा रिकामी आढळली. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि त्याची नक्कल घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा, त्यामुळे नक्कल होतच नव्हती. नक्कल फसल्याचे कळविणारे ईमेल निघत होते. पण ते पाठविणाऱ्याची ओळख पटत नसल्याने स्वीकारले जात नव्हते. अखेर उपयोगी पडला तो सुमारे सहा तासांपूर्वी, सर्वस्वी वेगळ्या कामाकरिता, हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. चाचणीच्या दुसऱ्या संगणकावर तो नेऊन ठेवलेला असल्यामुळेच वाचला होता. त्यावरून सेवा पुन्हा उभी करण्यास अठरा तासांच्या आसपास वेळ लागला, आणि मधल्या सहा तासांत नोंदविलेले सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय व ७०० नवी खाती यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने झालेला प्रकार झाकून न ठेवता त्याचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला. ही गोष्ट सरकारी आणि खासगी अशा दोन्ही क्षेत्रांत विरळाच म्हणावी लागेल.

हा स्नॅपशॉट म्हणजे नेमके काय, तो कसा घेतला जातो आणि त्याच्या भरवशावर कितपत राहावे, याची माहिती कार्यालयप्रमुखांस असणे अगत्याचे झाले आहे. आज्ञा देण्याचे काम तंत्रज्ञाचे असले, तरी दप्तराची जबाबदारी शेवटी कार्यालयाचीच असते.

चालत्या दप्तराची नक्कल

प्रथम अडचण समजून घेऊ. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीच्या सर्व वह्यांची नक्कल करण्यास एक लेखनिक बसला. सकाळी दहा वाजता त्याने कर मागणीच्या नोंदवहीपासून आरंभ केला आणि दुपारी तीन वाजता तो रोकडवहीपर्यंत येऊन पोहोचला. दरम्यान एक वाजता एका ग्रामस्थाने घरपट्टी भरली. मागणीची वही आधीच उतरून झालेली असल्याने नकलेत त्याची बाकी तशीच दिसते. रोकडवहीत मात्र त्याची रक्कम जमा दिसते. लेखनिकाने प्रत्येक पान इमानाने उतरले आहे. तरीही त्याने तयार केलेले दप्तर त्या दिवशी कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हते. त्यावरून हिशेब जुळवू गेल्यास तो जुळणार नाही.

सर्व्हरवर हीच अडचण शतपटीने मोठी असते. हजारो फाइली एकामागून एक उतरून घेण्यास काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात त्या बदलत असतात. डेटाबेसची एकच प्रचंड फाइल असेल, तर तिचा पूर्वार्ध दहाच्या स्थितीतील व उत्तरार्ध अकराच्या स्थितीतील, अशी विसंगत प्रत हाती येते. पूर्वी यावर सोपा उपाय होता: रात्री काम बंद ठेवायचे आणि नक्कल घ्यायची. सातबारा उतारा मध्यरात्रीही ऑनलाइन मिळावा अशी नागरिकांची अपेक्षा असताना हा उपाय आता चालण्यासारखा नाही.

स्नॅपशॉट ही अडचण दूर करतो. एका विशिष्ट क्षणी सर्व्हरची संपूर्ण साठवण जशी होती, तशी ती गोठवून ठेवली जाते. काम अखंड चालूच राहते. नक्कल घेणारा प्रोग्राम मात्र त्या गोठलेल्या चित्रावरून निवांतपणे उतरवून घेतो. नकलेला पाच तास लागोत वा दहा, तीत एकाच क्षणाची स्थिती उतरते.

जुने न खोडता नवे लिहिणे

कित्येक टेराबाइट माहितीचे असे चित्र एखाद्या सेकंदात कसे घेता येते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर फाइल सिस्टीमच्या, म्हणजेच डिस्कवर फाइली कोठे व कशा ठेवावयाच्या हे ठरविणाऱ्या व्यवस्थेच्या रचनेत आहे.

डिस्कची जागा लहान लहान ठोकळ्यांत, बहुधा प्रत्येकी ४ किलोबाइटच्या, विभागलेली असते. कोणती फाइल कोणकोणत्या ठोकळ्यांत आहे, याच्या सूचीही अशाच ठोकळ्यांत असतात. त्या सूचींच्या सूची असतात, आणि सर्वांच्या शिरोभागी एक मूळ ठोकळा असतो. त्या मुळापासून वाट काढीत गेले की प्रत्येक फाइल सापडते. जुन्या धर्तीच्या फाइल सिस्टीममध्ये एखादी नोंद बदलली की त्याच ठोकळ्यावर नवा मजकूर लिहिला जातो व जुना नष्ट होतो. नव्या धर्तीत तसे होत नाही. बदललेला मजकूर मोकळ्या जागेतील दुसऱ्या ठोकळ्यात लिहिला जातो, त्याकडे बोट दाखविणारी सूचीही नव्याने लिहिली जाते, आणि असे करीत करीत अखेर नवा मूळ ठोकळा तयार होतो. या पद्धतीस कॉपी-ऑन-राइट असे नाव आहे.

महसूल खात्यातील मंडळींना ही रीत अगदीच अपरिचित वाटू नये. जमिनीचा व्यवहार झाल्यावर सातबाऱ्यावरील जुन्या खातेदाराचे नाव खरवडून काढले जात नाही. त्याला कंस केला जातो आणि फेरफार क्रमांकासह नवे नाव लिहिले जाते. जुने शिल्लक असल्यामुळे पूर्वीची स्थिती केव्हाही वाचता येते. फरक इतकाच की फाइल सिस्टीम जुने ठोकळे कायमचे राखून ठेवीत नाही. कोणाला त्यांची गरज उरली नाही की ती जागा मोकळी समजून पुन्हा वापरते. स्नॅपशॉट घेणे म्हणजे तिला एवढेच सांगणे, की या क्षणीचा मूळ ठोकळा जपून ठेव आणि त्याच्या वाटेवरचे काहीही पुसू नकोस. प्रत्यक्षात काहीच उतरवून घ्यावयाचे नसल्याने हे काम क्षणार्धात होते आणि आरंभी त्याला जागाही जवळजवळ लागत नाही.

जागा लागते ती पुढे, बदल होत जातील तशी. एखाद्या कार्यालयाचे दप्तर ५०० गिगाबाइट आहे आणि रोज त्यातील ५ गिगाबाइट बदलते, असे धरू. महिनाभर रोज एक स्नॅपशॉट राखल्यास जुन्या ठोकळ्यांपोटी सुमारे १५० गिगाबाइट जागा अडकेल. तेवढ्याच दिवसांच्या तीस पूर्ण नकला ठेवावयाच्या तर १५,००० गिगाबाइट लागतील. दर तासाला स्नॅपशॉट घेण्याची चैन परवडते ती यामुळेच.

ही कल्पना आजची नाही. फाइली साठविणारे खास सर्व्हर तयार करणाऱ्या अमेरिकेतील नेटॲप कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या फाइल सिस्टीमची रचना १९९४ साली एका निबंधात मांडली. तीत कर्मचाऱ्याला चुकून पुसलेली फाइल कोणाच्या मिनतवाऱ्या न करता, जुन्या स्नॅपशॉटमधून स्वतःच परत घेता येत असे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स यांनी झेडएफएसचे काम हाती घेतले. २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि आज लिनक्स व फ्रीबीएसडी या दोहोंवर चालते. लिनक्समध्ये बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम २००९ साली समाविष्ट झाली. विंडोज सर्व्हरमध्ये २००३ पासून शॅडो कॉपी या नावाने अशीच सोय आहे.

लिनक्सच्या अनेक सर्व्हरवर जुनीच फाइल सिस्टीम असते आणि स्नॅपशॉटचे काम तिच्याखालील एलव्हीएम हा थर करतो. त्याची रीत उलटी आहे. मूळ ठोकळ्यावर नवे लिहिण्यापूर्वी त्यातील जुना मजकूर एका राखीव जागेत हलविला जातो. त्यामुळे स्नॅपशॉट असेतोवर लिहिण्याचे काम मंदावते. शिवाय ती राखीव जागा भरली की स्नॅपशॉट निकामी होतो, मग नक्कल अर्ध्यावर का आलेली असेना. म्हणून येथे स्नॅपशॉट घ्यावा, नक्कल उतरवून घ्यावी आणि स्नॅपशॉट लगेच काढून टाकावा, हाच क्रम योग्य होय.

डेटाबेसबाबत घ्यावयाची दक्षता

स्नॅपशॉटमध्ये जे गोठते ते डिस्कवरचे. त्या क्षणी संगणकाच्या स्मरणात असलेला, परंतु अद्याप डिस्कवर न उतरलेला मजकूर त्यात येत नाही. वीज एकाएकी गेल्यास सर्व्हरची जी स्थिती होईल, तीच स्नॅपशॉटमधील डेटाबेसची असते. पोस्टग्रेससारखे डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका रोजनाम्यात लिहितात व नंतर मूळ जागी करतात. त्यामुळे पुन्हा सुरू होताना रोजनामा वाचून ते अर्धवट राहिलेले काम मार्गी लावतात. अशा डेटाबेसचा स्नॅपशॉट उपयोगी पडतो. मात्र मूळ माहिती आणि रोजनामा या दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा असला पाहिजे. ती दोन वेगळ्या फाइल सिस्टीमवर असून एकीचा स्नॅपशॉट आधी व दुसरीचा मागाहून घेतला, तर वर सांगितलेल्या लेखनिकाचीच चूक पुन्हा होईल. झेडएफएसमध्ये एका शाखेखालील सर्व फाइल सिस्टीमचा स्नॅपशॉट एकाच आज्ञेने, एकाच क्षणी घेता येतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे डेटाबेसला पूर्वसूचना देणे. मायएसक्यूएलमध्ये सर्व तक्ते क्षणभर कुलूपबंद करून स्नॅपशॉट घेता येतो व कुलूप लगेच काढता येते. विंडोजमध्ये शॅडो कॉपीची यंत्रणा डेटाबेसला काही सेकंद लिखाण थांबविण्याची विनंती स्वतःच करते. वापरणाऱ्यास फार तर पडदा किंचित अडखळल्यासारखा वाटेल.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

येथवर वाचून कोणी असे म्हणेल, की दर तासाला स्नॅपशॉट मिळत असेल तर बॅकअपची वेगळी यातायात हवी कशाला? नेमका याच समजुतीने घात होतो. स्नॅपशॉट आणि चालू दप्तर यांचे बहुतेक ठोकळे एकच असतात. डिस्क बिघडली, चोरीस गेली वा जळाली, तर चालू दप्तर आणि त्याचे शेकडो स्नॅपशॉट एकाच वेळी जातात. फाइल चुकून पुसली गेल्यास स्नॅपशॉटइतका त्वरित उपाय नाही, पण आगीपुढे त्याचा काहीही उपयोग नाही.

आगीची शक्यता केवळ पुस्तकी नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर येथे ओव्हीएच कंपनीची सर्व्हर ठेवण्याची एक इमारत आगीत पूर्णपणे नष्ट झाली. ज्या ग्राहकांची माहिती आणि तिचा बॅकअप दोन्ही त्याच आवारात होती, त्यांच्या हाती काही उरले नाही. सरकारी कामकाजाच्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रात बॅटरीमुळे आग लागली. शासकीय कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ज्या सामाईक साठवणीत ठेवीत, ती ८५८ टेराबाइटची साठवण तीत जळून गेली. तिचा व्याप फार मोठा असल्याच्या कारणावरून तिची बाहेर कोठेही प्रत ठेवलेली नव्हती.

माहितीचा व्याप हे कारण ऐकण्यास पटण्याजोगे आहे, आणि म्हणूनच धोक्याचे आहे. रोज ८५८ टेराबाइट उतरवून दुसरीकडे पाठविणे खरोखरच अवघड असते. परंतु पहिली प्रत एकदा झाल्यावर रोज सगळे पाठवावे लागतच नाही, आणि येथे स्नॅपशॉटचा दुसरा व मोठा उपयोग दिसून येतो.

फक्त बदल पाठविण्याची युक्ती

झेडएफएसमध्ये प्रत्येक ठोकळ्याबरोबर तो केव्हा लिहिला गेला याचा क्रमांक नोंदलेला असतो. काल आणि आज अशा दोन स्नॅपशॉटमधील फरक पाठविण्यास सांगितले, की कालच्या क्रमांकानंतर जन्मलेले ठोकळे तेवढेच निवडले जातात. ज्या सूचीचा क्रमांक जुना, तिच्याखाली काहीही बदललेले असणे शक्य नाही. म्हणून ती शाखा उघडूनसुद्धा पाहावी लागत नाही. नेहमीच्या पद्धतीत मात्र लाखो फाइलींपैकी कोणती बदलली हे पाहण्यासाठी प्रत्येक फाइलीची तारीख तपासीत बसावे लागते, आणि पुष्कळदा पाठविण्यापेक्षा शोधण्यातच अधिक वेळ जातो. वर घेतलेल्या उदाहरणातील ५०० गिगाबाइट दप्तर सेकंदास १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पाठविण्यास अकरा तासांहून अधिक लागतील. रोजचे ५ गिगाबाइट सात मिनिटांत जातील. पहिली पूर्ण प्रत सुटसुटीत डिस्कवर घेऊन जीपने दुसऱ्या गावी नेली तरी चालते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

यात एक पथ्य आहे. फरक काढण्यासाठी कालचा स्नॅपशॉट दोन्ही ठिकाणी असावा लागतो. जागा कमी पडते म्हणून कोणी तो एका बाजूने काढून टाकला आणि दोन्हींकडे सामाईक असा दुसरा स्नॅपशॉट उरला नाही, तर पुन्हा पूर्ण प्रत पाठविण्यावाचून गत्यंतर नाही. नागरिकांची माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवण्याचा संकोच वाटत असल्यास त्यावरही उपाय आहे. २०१९ पासून झेडएफएसमध्ये सांकेतिक रूपातील माहिती तशीच पाठविता येते. ती सांभाळणाऱ्याकडे किल्ली असण्याची गरज नसते.

प्रत पाठविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हाही प्रश्न गौण नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने विंडोजच्या फाइली कुलूपबंद केल्याच, पण त्याबरोबर शॅडो कॉपीही पुसून टाकल्या. स्नॅपशॉटमध्ये कोणी लिहू शकत नाही हे खरे. परंतु सर्व्हरचे पूर्ण अधिकार ज्याच्या हाती येतात, तो स्नॅपशॉट समूळ काढू शकतो. म्हणून मुख्य सर्व्हरने प्रत नेऊन देण्याऐवजी बॅकअपच्या सर्व्हरने येऊन ती न्यावी, आणि तेथील जुन्या प्रती पुसण्याचा अधिकार मुख्य सर्व्हरला मुळीच नसावा. बँकेचा शिपाई रोकड घेऊन जातो, पण तिजोरीची किल्ली दुकानदाराकडे नसते, तसेच हे आहे.

जागेचा हिशेब आणि परत उभारणीचा सराव

स्नॅपशॉट वापरू लागलेल्या कार्यालयातून पहिली तक्रार येते ती जागेची. डिस्क भरली म्हणून जुन्या फाइली पुसल्या, तरी जागा मोकळी होत नाही. त्या फाइलींचे ठोकळे स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असतात, हे त्याचे कारण. ते सोडविण्यासाठी ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये त्या फाइली आहेत, ते सर्व काढावे लागतात. मधला एखादा स्नॅपशॉट काढल्याने आधीचे वा नंतरचे बिघडत नाहीत. यासाठी कोणते किती दिवस ठेवावयाचे याचा नियम आधीच ठरवून तो यंत्रणेवर सोपवावा. शेवटच्या एका दिवसाचे तासागणिक, महिन्याचे दिवसागणिक आणि वर्षाचे महिन्यागणिक, असा ताळा मध्यम कार्यालयास बहुधा पुरतो. लेखापरीक्षणास लागणाऱ्या कालखंडाचा विचार मात्र स्वतंत्रपणे केला पाहिजे. डिस्क चार पंचमांश भरताच सूचना यावी आणि ती सूचना कोणाकडे येते हे नावानिशी माहीत असावे. गिटलॅबच्या प्रकरणात सूचना निघत होत्या, हे येथे आठवावे.

राहिली गोष्ट सरावाची. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपच्या सर्व्हरवरील एखादा स्नॅपशॉट निराळ्या संगणकावर उभा करून पाहावा. डेटाबेस सुरू होतो का, नोंदींची संख्या त्या दिवसाच्या नोंदींशी जुळते का, मधलाच एखादा दाखला काढून छापता येतो का, हे तांत्रिक कर्मचाऱ्याऐवजी दप्तर रोज हाताळणाऱ्या लिपिकाने तपासावे; कारण काय चुकते आहे ते त्याच्या नजरेस लवकर येते. या कामास किती तास लागले, तेही लिहून ठेवावे. गिटलॅबचा स्नॅपशॉट शाबूत होता, परंतु तो संथ डिस्कवर होता आणि अठरा तासांतील बराचसा वेळ केवळ तो उतरवून आणण्यात गेला. आपत्ती आल्यावर वरिष्ठ कार्यालयाकडून पहिला प्रश्न येतो तो कामकाज केव्हा सुरू होईल हाच, आणि त्याचे उत्तर सरावाच्या वहीत आधीच असेल तर बरे. सराव संपल्यावर त्या निराळ्या संगणकावरील प्रत न विसरता पुसून टाकावी. तीत नागरिकांची नावे, पत्ते व खात्यांचे क्रमांक असतात.